कागदाच्या सुरळीतून ऐकलेली छाती

खोकला झाला म्हणून डॉक्टरांकडे गेलात की ठरलेला कार्यक्रम असतो. जीभ दाखवा, शर्ट थोडा वर घ्या, लांब श्वास घ्या, सोडा, परत घ्या. थंडगार चकती पाठीवर चार-सहा ठिकाणी टेकते. डॉक्टरांचा चेहरा निर्विकार आणि आपण मनात म्हणत असतो, सांगून टाका एकदाचं. तुमच्यापैकी जे मेडिकलला किंवा नर्सिंगला आहेत त्यांच्या गळ्यात ती वस्तू कधीच आली असेल, तिच्यासोबत सेल्फीही झाला असेल. पण त्या चकतीतून नेमकं काय ऐकू येतं आणि ते ऐकायला आधी कोण शिकलं, असं विचारलं तर बहुतेकांची गाडी अडते.

आधी शिकला तो रेने लाएनेक. फ्रेंच माणूस. उंचीनं बुटका, अंगानं काटकुळा आणि कायम काही ना काही दुखणं मागे लागलेलं. बासरी वाजवायचा, ग्रीक वाचायचा, लेथवर लाकूड कातायचा. जगला अवघी पंचेचाळीस वर्षं. पण तेवढ्यात त्यानं छातीच्या आजारांकडे बघण्याची पद्धत मुळापासून बदलून टाकली. बघण्याची म्हणजे खरं तर ऐकण्याची.

त्याचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ चा, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे, तिथल्या कँपेर गावातला. पाच वर्षांचा असताना आई गेली. वडील वकील, कविता वगैरे करणारे, पण पैशाच्या आणि मुलांच्या बाबतीत बेभरवशाचे. मग रेने गेला नाँत शहरात, काकांकडे. काका डॉक्टर. आपल्याकडे अनेक घरांत असा एक काका असतो, ज्याच्यामुळे पुतण्याचं आयुष्य मार्गी लागतं. रेनेचं तसंच झालं.

मात्र ते नाँत म्हणजे काही शांत गाव नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांती शाळेच्या पुस्तकात तुम्ही पाच मार्कांसाठी वाचली असेल, या मुलानं ती खिडकीतून पाहिली. काकांचं घर ज्या चौकात होतं त्याच चौकात गिलोटिन उभं होतं. १७९३-९४ च्या हिवाळ्यात तर नाँतमध्ये शेकडोंनी माणसं होड्यांत घालून लुआर नदीत बुडवली गेली. रेने तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. पुढच्याच वर्षी, म्हणजे चौदाव्या वर्षी, त्यानं काकांच्या हाताखाली वैद्यकाचे धडे घ्यायला सुरुवात केली. इस्पितळात जखमी सैनिक, तापाचे रोगी, सगळी रीघ लागलेली. आपल्याकडे ज्या वयात दहावीचा क्लास कोणता लावायचा यावर घरात चर्चा चालते, त्या वयात हा मुलगा जखमा धुत होता.

पुढे १८०१ मध्ये तो पॅरिसला गेला. खिशात फार काही नव्हतं, वडिलांकडे पैशासाठी पत्रांवर पत्रं चालायची. अभ्यासात मात्र चमकला. एकविसाव्या वर्षी पोटातल्या आवरणाला येणाऱ्या सुजेवर त्याचा निबंध छापून आला आणि १८०३ मध्ये वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत पहिलं बक्षीस मिळालं.

आता जरा थांबून त्या काळातला डॉक्टर डोळ्यासमोर आणा. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही, साधा थर्मामीटरही रोजच्या वापरात नाही. रोग्याला विचारायचं, नाडी बघायची, जीभ बघायची, लघवीचा रंग बघायचा. बास. छातीच्या आजारात तर पंचाईतच. रोगी सांगणार काय, तर खोकला आहे, धाप लागते, ताप येतो, बरगडीत कळ येते, कधी थुंकीतून रक्त पडतं. आता हेच सगळं न्यूमोनियात असतं, क्षयात असतं, छातीत पाणी झालं तरी त्यातलं बरंचसं असतं. धाप तर हृदय कमजोर झालं तरी लागते. बाहेरून सगळे सारखेच. आत नेमकं काय चाललंय ते कळायचं माणूस मेल्यावर, शव उघडल्यावर. म्हणजे उत्तरपत्रिका तपासून व्हायची, पण विद्यार्थी हयात नसायचा.

पॅरिसमध्ये रेनेला गुरू भेटले कोर्व्हिझार. पुढे ते नेपोलियनचे खासगी डॉक्टर झाले. शारिते नावाच्या हॉस्पिटलात ते शिकवायचे आणि त्यांचा आग्रह असायचा की रोगी जिवंत असतानाच त्याच्या छातीत काय आहे ते ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी एक विसरलेली युक्ती शोधून काढली होती. ऑएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरनं १७६१ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं होतं, छाती बोटांनी ठोकून बघण्यावर. माठ विकत घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, किंवा कलिंगडाला थाप मारतो, अगदी तसंच. ऑएनब्रुगरच्या वडिलांची खानावळ होती आणि पिंपात वाइन कुठपर्यंत आहे हे ठोकून कळतं, त्यावरून त्याला हे सुचलं असं सांगतात. हवा भरलेलं फुप्फुस पोकळ वाजतं, पाणी झालेलं किंवा घट्ट झालेलं फुप्फुस बद्द वाजतं. चाळीसेक वर्षं या पुस्तकाकडे फारसं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कोर्व्हिझारनी १८०८ मध्ये ते फ्रेंचमध्ये आणलं तेव्हा कुठे लोक जागे झाले.

लाएनेक या तालमीत तयार झाला. ठोकायचं, लिहून ठेवायचं आणि रोगी दगावला की शव उघडून आपण लिहिलेलं बरोबर होतं का ते पडताळायचं. हे ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं, आणि आहेच. पण एक गोष्ट नजरेआड करू नका. पॅरिसच्या त्या हॉस्पिटलांत येणारे बहुतेक सगळे गरीब होते. श्रीमंतांचे डॉक्टर घरी यायचे. ज्यांच्या छातीवर हे ज्ञान उभं राहिलं त्यांना कुणी परवानगी विचारली नव्हती. तुमच्या ॲनाटॉमीच्या टेबलाचाही इतिहास जगभर बराचसा असाच आहे.

डिग्री मिळाली, नाव झालं, पण हॉस्पिटलात नेमणूक मिळेना. खासगी प्रॅक्टिस, नियतकालिकाचं संपादन, असं करत बारा वर्षं गेली. या काळात क्षयानं त्याच्या आजूबाजूची माणसं एकेक करून उचलली. १८१० मध्ये धाकटा भाऊ मिशो गेला. बेल हा त्याचा जवळचा मित्र, त्यानं नऊशे शवविच्छेदनांच्या आधारावर क्षयावर मोठा ग्रंथ लिहिला होता. १८१६ मध्ये तो क्षयानंच गेला.

याच मधल्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. १८१४ मध्ये नेपोलियनच्या हरत चाललेल्या फौजेतले जखमी आणि आजारी सैनिक पॅरिसमध्ये येऊन पडत होते. त्यात ब्रिटनीच्या खेड्यांतली पोरं होती. त्यांना फ्रेंच येत नव्हतं. ब्रेटन ही पूर्णपणे वेगळी भाषा. काय दुखतंय तेही सांगता येईना, आणि घरापासून इतकं लांब, सगळे अनोळखी. लाएनेकनं या पोरांना एका ठिकाणी आणवून घेतलं आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलून उपचार केले. तुमच्यापैकी कुणी मेळघाटात किंवा नंदुरबारला इंटर्नशिपला गेलात, तर यातलं मर्म तुम्हाला न सांगता कळेल.

शेवटी १८१६ मध्ये, सरकारात असलेल्या एका ओळखीच्या माणसाच्या मदतीनं, नेकेर हॉस्पिटलात जागा मिळाली. वय पस्तीस. आणि त्याच वर्षी तो प्रसंग घडला.

एक तरुण बाई आली होती. लक्षणं हृदयाच्या आजाराची. पण ती अंगानं चांगली भरलेली असल्यामुळे ठोकून काही कळेना, हात ठेवून ठोके लागेनात. छातीला सरळ कान लावणं हा एक जुना उपाय होता, दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक ग्रंथांत त्याचे उल्लेख आहेत आणि लाएनेकनं ते मुळातून वाचले होते. पण तरुण बाईच्या छातीला डॉक्टरनं कान लावायचा हे त्या काळात बरं दिसणारं नव्हतं. तेव्हा त्याला एक साधी गोष्ट आठवली. लांब लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीनं खरवडलं, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं. त्यानं कागदांचा गठ्ठा घेतला, घट्ट सुरळी केली, एक टोक बाईच्या छातीवर ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला आपला कान. हृदयाचे ठोके ऐकू आले, आणि नुसता कान लावून ऐकू येतात त्यापेक्षाही स्पष्ट.

लूव्रच्या आवारात मुलं लाकडी फळीशी हाच खेळ खेळत होती आणि ते बघून त्याला हे सुचलं, अशी एक गोष्ट तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. गोष्ट छान आहे, पण त्याच्या स्वतःच्या पुस्तकात ती नाही. न्यूटनच्या सफरचंदासारखंच समजा.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना माहीत असतं. सुरळी, लाजाळू डॉक्टर, तरुण बाई. क्विझमध्येही हेच विचारतात. पण खरं सांगायचं तर सुरळी ही या गोष्टीतली सगळ्यात सोपी पायरी होती. एखादं नवं यंत्र हाती आलं आणि त्यातून आवाज आले, तरी त्या आवाजांचा अर्थ काय? समजा तुम्हाला अचानक एक अनोळखी भाषा ऐकू यायला लागली. ना शब्दकोश, ना मास्तर. लाएनेकनं पुढची तीन वर्षं तो शब्दकोश तयार करण्यात घातली.

आधी सुरळीची नळी झाली. काच, धातू असे वेगवेगळे प्रकार करून बघितले आणि शेवटी हलक्या लाकडावर तो येऊन थांबला. लेथ घरचाच. साधारण फूटभर लांबीचा गोल दांडका, मधून बारीक आरपार भोक, खालच्या टोकाला नरसाळ्यासारखा खोलगट आकार आणि त्यात बसणारं एक बूच. श्वासाचा आवाज ऐकायचा तर बूच काढायचं, हृदयाचा किंवा रोग्याच्या बोलण्याचा ऐकायचा तर बूच बसवायचं. तो त्याला नुसतं सिलिंडर म्हणायचा. मग लोक वाटेल ती नावं द्यायला लागले, म्हणून त्यानंच ग्रीक शब्द जोडून स्टेथोस्कोप हे नाव दिलं. स्टेथोस म्हणजे छाती, आणि स्कोप म्हणजे बघणं. ऐकायच्या यंत्राला बघण्याचं नाव! पण त्याला हवं होतं तेच होतं, कानानं छातीच्या आत बघायचं.

मग रोज वॉर्डात फेरी. आणि एक दिवस एक वेगळीच गंमत झाली. थोडा ताप आणि नुकताच सुरू झालेला खोकला, एवढीच तक्रार असलेली एक बाई तपासायला आली. उजव्या हासळीच्या हाडाखाली नळी ठेवून तो तिला बोलायला सांगतो, तर तिचा आवाज तोंडातून न येता थेट छातीतून, नळीच्या भोकातून कानात शिरतोय असं त्याला वाटलं. इंचभर जागा, तेवढ्यातच. नळी जरा बाजूला सरकवली की बंद. त्यानं वॉर्डातले सगळे रोगी तपासले. वीसेक जणांच्या छातीत तसंच ऐकू आलं आणि त्यातले बहुतेक क्षयाचे होते. तेव्हा त्यानं अंदाज बांधला की क्षयानं फुप्फुसाचा तुकडा कुजून तिथं पोकळी झाली असेल आणि त्या पोकळीत आवाज घुमत असेल. पुढे त्यातले काही जण दगावले, शवं उघडली, आणि जिथं नळी ठेवल्यावर छाती बोलत होती तिथंच पोकळ्या निघाल्या.

यात काय घडलं ते लक्षात घ्या. त्या बाईला बघून कुणीही म्हणालं असतं की साधा ताप आहे, जाईल. लक्षणं अगदी किरकोळ होती. पण तिच्या छातीनं खरं काय ते सांगून टाकलं होतं. लक्षण म्हणजे रोगी जे सांगतो ते. पण रोग्याला स्वतःलाच माहीत नसलेलं काहीतरी त्याच्या शरीरातून थेट ओळखायचं, ही कल्पना या नळीनं रुजवली. आज तुम्ही छातीचा एक्स-रे काढता किंवा सीटी स्कॅन करता, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

आता त्याचा शब्दकोश ऐका. हा भाग वाचताना जाणवतं की हा माणूस बासरी का वाजवत असेल. फुप्फुसाच्या बारीक वायुकोशांत न्यूमोनियाचा द्रव भरायला लागला की श्वास घेताना तडतड ऐकू येते, तापलेल्या भांड्यात मीठ टाकल्यावर तडतडतं तशी. श्वासनलिका सुजून अरुंद झाल्या की होल्याच्या घुमण्यासारखा आवाज येतो, कधी तंतुवाद्याच्या जाड तारेसारखा. फुप्फुसाभोवतीच्या आवरणात थोडं पाणी झालं असेल तर रोग्याचं बोलणं थरथरत, शेळीच्या बेंबें करण्यासारखं ऐकू येतं. आणि फुप्फुस फाटून आवरणात हवा नि पाणी दोन्ही साठलं असेल, तर कपात टाचणी पडल्यासारखा बारीक टणत्कार. यातला प्रत्येक आवाज त्यानं शवविच्छेदनात जे दिसलं त्याच्याशी जोडला. फुप्फुस अवाजवी फुगून राहतं तो आजार, श्वासनलिका कायमच्या रुंद होतात तो आजार, छातीच्या पोकळीत हवा शिरते तो, फुप्फुसात पाणी मुरतं तो, या सगळ्यांची त्यानं केलेली वर्णनं आजही डॉक्टर वाचतात तेव्हा ओळखीची वाटतात. लिव्हर सिऱ्होसिस हा शब्द तुम्ही दारूच्या संदर्भात ऐकला असेल, तोही याचाच. आजारी यकृताच्या पिवळसर रंगावरून ग्रीकमधून उचललेला.

एक बारीकशी गोष्ट सांगतो. या जास्तीच्या आवाजांना तो फ्रेंचमध्ये राल म्हणायचा. पण त्या भाषेत राल म्हणजे मरणाऱ्याची घरघर. आपल्याकडे नाही का, अमक्याला घरघर लागली म्हटलं की घरचे काय ते समजतात. रोग्याच्या कानावर हा शब्द पडला तर तो हबकून जाईल, म्हणून खाटेपाशी बोलताना लाएनेक त्याऐवजी ऱ्हाँकस हा लॅटिन शब्द वापरायचा. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होता. पुढे भाषांतरात त्यांचे दोन वेगळे आवाज झाले आणि जगभरचे मेडिकलचे विद्यार्थी तेव्हापासून परीक्षेत गोंधळतायत. तुमच्या व्हायव्हात हा प्रश्न आला तर निदान दोष कुणाचा ते तरी कळेल.

१८१९ मध्ये त्याचा दोन खंडांचा ग्रंथ आला. पुस्तकासोबत नळीही विकत मिळायची. स्वागत संमिश्र. पॅरिसमध्ये ब्रूसे नावाचे एक दांडगे डॉक्टर होते. सगळ्या रोगांचं मूळ म्हणजे सूज, त्यातून पोटातली सूज, आणि उपाय म्हणजे जळवा लावणं, असं त्यांचं मत. त्यांनी लाएनेकची भरपूर टिंगल केली आणि लाएनेकही काही मवाळ नव्हता, त्यानं तितक्याच तिखटपणे उत्तरं दिली. इंग्लंडमध्ये जॉन फोर्ब्ज यांनी १८२१ मध्ये ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं, पण प्रस्तावनेत स्वतःच शंका व्यक्त केली की हे यंत्र काही सर्रास वापरात येणार नाही. गंभीर चेहऱ्याचा डॉक्टर लांब नळी लावून रोग्याच्या छातीचं ऐकतोय, हे दृश्यच त्यांना जरा हास्यास्पद वाटलं. तीन वर्षांत याच फोर्ब्जनी नळी वापरून तपासलेल्या आपल्या रोग्यांचं पुस्तक काढलं.

लाएनेकला तुम्ही देवमाणूस करू नये म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. तो कट्टर राजनिष्ठ आणि कर्मठ कॅथलिक होता. १८२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या गोंधळामुळे सरकारनं पॅरिसचं मेडिकल कॉलेज बंद केलं आणि मग नव्यानं उभारताना सरकारला न आवडणारे प्राध्यापक काढून टाकले. त्या फेररचनेच्या समितीत लाएनेक होता आणि त्याला मोठं पदही मिळालं. साहजिकच बऱ्याच फ्रेंच विद्यार्थ्यांना तो आवडत नव्हता. त्याच्याकडे गर्दी असायची ती परदेशी पोरांची. त्यांना फ्रेंच नीट कळायचं नाही, म्हणून तो वॉर्डात लॅटिनमध्ये शिकवायचा.

आणि एक मोठी गोष्ट त्याला दिसली नाही. पॅरिसमधल्या बायकांच्या एका मठाचा तो डॉक्टर होता. अतिशय कडक नियम, सतत प्रायश्चित्त, करमणूक शून्य. दहा वर्षांत त्या मठातल्या जोगिणी दोन-तीनदा पूर्ण बदलल्या, कारण आधीच्या एकेक करून क्षयानं गेल्या. वाचल्या त्या मुख्यतः बाहेर वावर असलेल्या, बागेत काम करणाऱ्या, स्वयंपाकघरातल्या, शुश्रूषेच्या कामावरच्या. हे सगळं लाएनेकनं स्वतः नोंदवून ठेवलंय. आज हे वाचताना आपण ओरडून सांगावंसं वाटतं की अरे बाबा, हा संसर्ग आहे, बंद खोल्यांत एकीकडून दुसरीकडे जातोय! त्याचा निष्कर्ष काय, तर दुःख. उदास मनानं क्षय होतो. इतका तल्लख निरीक्षक, सगळा पुरावा समोर, आणि अर्थ चुकीचा लागला.

स्वतःच्या बाबतीतही तसंच. तरुणपणी क्षयानं पोखरलेले मणके करवतीनं कापताना त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला खरचटलं आणि तिथं गाठ आली. तिला औषधानं जाळून तो मोकळा झाला. वीसेक वर्षांनंतरही आपल्याला काही झालेलं नाही, हे त्यानं क्षय सहजी लागत नाही याचं उदाहरण म्हणून दिलं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगासमोर मांडला तो २४ मार्च १८८२ ला. तोवर लाएनेकला जाऊन छप्पन वर्षं झाली होती. आणि जंतू सापडला म्हणजे औषध सापडलं असंही नाही. १८८७ मध्ये अवघ्या एकविसाव्या वर्षी पुण्यात आनंदीबाई जोशी गेल्या त्या याच रोगानं, फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आल्यावर काही महिन्यांतच. रोग ओळखता येत होता, नावही माहीत होतं, जंतूही माहीत होता. क्षयावर खरोखर चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं.

नळीच्याही मर्यादा होत्या, आणि त्या पुढच्यांनी दाखवल्या. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८४६ मध्ये एक यंत्र जगापुढे आणलं. पाण्यात उपडी टाकलेली टाकी, तिच्यात नळीनं फुंकायचं, टाकी जितकी वर उचलली जाईल तितकी तुमच्या फुप्फुसाची ताकद. त्यानं दोन हजारांहून जास्त लोकांना फुंकायला लावलं. त्यात सात फुटी अमेरिकन पैलवान फ्रीमनही होता. दोनेक वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याचं फुंकणं बरंच घटलं होतं, पण नळी लावून तपासणाऱ्या जाणकारांना छातीत काही वावगं ऐकू आलं नाही. १८४५ मध्ये तो क्षयानं गेला. आज दम्याच्या किंवा जुनाट खोकल्याच्या पेशंटला स्पायरोमेट्री करायला सांगतात, जोरात फुंका, फुंका, अजून फुंका म्हणून टेक्निशियन ओरडत असतो, ते याच टाकीचं वंशज. फक्त आता एकूण हवा किती यासोबत पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली तेही मोजतात. नलिका अरुंद झाल्या असतील तर त्या पहिल्या सेकंदातच गडबड कळते. १८९५ मध्ये राँटगेननं एक्स-रे शोधला आणि ऐकण्याला बघण्याची जोड मिळाली. दोन्ही कानांत घालायचा स्टेथोस्कोप त्याआधीच, १८५० च्या दशकात आला होता. तरीही एक्स-रे मशीन नसलेल्या गावात आजही पहिली तपासणी कानानंच होते. आणि जाता जाता सांगतो, खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. हॉस्टेलच्या एका खोलीत चार जण राहत असाल तर जास्तच.

आता लाएनेककडे परत येऊ. १८१९ मध्ये ग्रंथ हातावेगळा केला आणि तो कोसळलाच. पॅरिस सोडून ब्रिटनीला, समुद्राजवळच्या केरलुआर्नेक या आपल्या घरी गेला. शिकार, घोडेस्वारी, शेतातली कामं. तब्येत सुधारली. १८२१ च्या शेवटी परत पॅरिस. कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापकी, राजघराण्यातल्या एका डचेसचा डॉक्टर म्हणून नेमणूक, सरकारी सन्मान, सगळं भराभर आलं. १८२४ च्या डिसेंबरमध्ये त्यानं लग्न केलं, त्याचं घर सांभाळणाऱ्या एका विधवा बाईशी. ग्रंथाची दुसरी आवृत्ती जवळपास नव्यानं लिहायला घेतली आणि १८२६ च्या वसंत ऋतूत ती पुरी होत असतानाच ताप, खोकला, धाप सुरू झाली. वजन उतरत चाललं.

पुतण्या मेरियादेक डॉक्टर होता, काकांच्याच हाताखाली तयार झालेला. लाएनेकनं त्याला जवळ बोलावलं, स्वतःची नळी त्याच्या हातात दिली आणि आपली छाती तपासून जे जे ऐकू येईल ते तसंच्या तसं सांगायला लावलं. मेरियादेकनं नळी टेकवली. जे ऐकू येत होतं ते तो सांगत गेला आणि काका पडल्या पडल्या ऐकत राहिले. त्या आवाजांचं वर्णन जगात सगळ्यात आधी ज्यानं लिहिलं, त्यालाच ते समजावून सांगायची गरज नव्हती. फुप्फुसात पोकळी झाली होती.

मे महिन्याच्या अखेरीस तो बायकोसोबत घोडागाडीनं ब्रिटनीला निघाला. प्रवास कित्येक दिवसांचा. घरी पोचल्यावर थोडं बरं वाटलं, मग पुन्हा ढासळलं. १३ ऑगस्ट १८२६ रोजी केरलुआर्नेकला तो गेला. शेवटच्या काही तासांत त्यानं बोटांतल्या अंगठ्या एकेक करून स्वतःच काढून ठेवल्या, म्हणजे मागाहून ते काम दुसऱ्या कुणाला करावं लागू नये.

मृत्युपत्रात त्यानं आपली वैद्यकाची पुस्तकं, कागदपत्रं, घड्याळ आणि अंगठी मेरियादेकच्या नावे केली होती. यादीत लाकडी नळीही होती. त्या सगळ्या मिळकतीत तीच सगळ्यात मोलाची आहे, असं त्यानं पुतण्यासाठी मुद्दाम लिहून ठेवलं होतं.